कासिंदाच्या आधीचे दोघे

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज स्वतःच्याच तोंडाची लाज वाटली. लॅबमध्ये नवीन बाई आलीय – कासिंदा. पन्नाशीची, मूळची अंगोलाची, मधली वीस वर्षं लिस्बनला. जेवणाच्या सुट्टीत फोनवर आईशी बोलत होती. ऐकायला छान वाटत होतं, म्हणून विचारलं, हे पोर्तुगीज का? नाही म्हणाली. मग मी शहाणी, मोबाइलवर शोधून म्हणते – मग किम्बुंदू असणार!

तिनं चमचा खाली ठेवला. किम्बुंदू लुआंडाकडचे लोक बोलतात, ती हुआंबोची, डोंगराळ भागातली. त्यांची भाषा उम्बुंदू. वेगळी. पूर्ण वेगळी.

नऊ वर्षं इथे परदेशात, या ईस्ट टामाकीच्या औषध कारखान्यात जो तो मला विचारतो, 'तू हिंदीच बोलतेस ना घरी?' आणि मी दर वेळी फणकारते. आज मीच तो 'जो तो' झाले. शाब्बास!

७ ऑगस्ट, गुरुवार

माफीदाखल थालीपीठ नेलं. तिनं खाल्लं आणि म्हणाली, 'त्वापांदुला.' म्हणजे थँक यू. पण शब्दशः 'आम्ही आभार मानले'. एकटी असली तरी आम्हीच! मी लगेच खोदायला लागले – आम्ही की आपण? आमच्यात दोन आहेत, समोरच्याला धरून आणि सोडून. ती हसून हसून बेजार. आईला विचारून सांगते म्हणाली.

एक माणूस तो ओचिम्बुंदू, पुष्कळ असले की ओविम्बुंदू, आणि भाषा उम्बुंदू. आपण शब्दांची शेपटं बदलतो, हे तोंडं बदलतात. मजा वाटली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आईचं उत्तर आलं – 'तुझी मैत्रीण रिकामटेकडी दिसते.'

१२ ऑगस्ट, मंगळवार

वल्लरीला शाळेतून फानाउचा, म्हणजे कुटुंबाचा, तक्ता करायला दिलाय. घरातली माणसं, आजी-आजोबा, गाव, नदी, डोंगर. भावंडं किती, या चौकोनात तिनं शून्य काढलं. छान गोल. वर मला दाखवलं, 'इज दॅट ओके?' मी म्हटलं हो, आणि भाजी परतत राहिले. भाजी करपली.

इथेही कधी लिहिलं नाही. आज लिहिते. बारा वर्षांपूर्वी, पुण्यात. तेविसावा आठवडा होता. दोन मुलगे. एक चाळीस मिनिटं जगला, दुसरा तीन तास. मला दाखवले नाहीत. यतीन आणि सासरे घेऊन गेले आणि संध्याकाळी आंघोळ करून परत आले. कुठे नेलं, कसं नेलं, त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नावं ठेवली नव्हती. दोन वर्षांनी वल्लरी झाली. तेव्हा यतीन म्हणाला, हिला कधीच कळता कामा नये, हिला कशाला ओझं. मी मान डोलावली. दहा वर्षं तीच मान डोलावतेय.

आई म्हणून माझं गणित चुकीचंच मांडलंय. डॉक्टर विचारतात, मुलं किती? एक. जीभ अडखळतसुद्धा नाही आता, याचाच राग येतो.

२० ऑगस्ट, बुधवार

आज बोलून बसले.

झालं असं की कासिंदाच्या ओळखपत्रावर नाव चुकीचं छापलं होतं. ती चिडली. मी म्हटलं, एका अक्षराचं काय एवढं. तर म्हणाली, हे नाव हौसेनं ठेवलेलं नाही, ते तिच्या जन्मानंच ठरलं. त्यांच्यात जुळ्यांपैकी पहिला जांबा, म्हणजे हत्ती. दुसरा होसी, सिंह. मुलगी असेल तर न्गेवे, पाणघोडा. आणि जुळ्यांच्या पाठीवर जे मूल येतं ते कासिंदा. तिचे दोघं भाऊ ती व्हायच्या आधीच तापानं गेले. युद्धाचे दिवस होते, औषध नव्हतं. तिनं त्यांना पाहिलेलंही नाही. पण गावाकडे तिनं नुसतं नाव सांगितलं तरी समोरच्याला कळतं, हिच्या आधी दोघे होते. कुणी काही लपवत नाही, कुणी काही विचारत नाही.

माझ्या हातातली परीक्षानळी मी स्टँडमध्ये ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. यतीनशीसुद्धा इतकं बोलले नव्हते. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, नावं काय?

म्हटलं, नाहीत. ठेवलीच नाहीत.

"आहेत की," ती म्हणाली. "जुळ्यांची नावं शोधावी लागत नाहीत. जांबा आणि होसी."

बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर तिनं माझे नमुने तपासून ठेवले होते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जांबा. होसी. दिवसभर मनातल्या मनात हाका मारल्या. हत्ती आणि सिंह! एवढेसे जीव.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. संध्याकाळी कासिंदा दर्शनाला आली. बाप्पाचं तोंड बघून म्हणाली, हा तर जांबा! मी हसले आणि मोदकांचं ताट आणायला आत गेले.

मोदक खाताना वल्लरीनं तिला विचारलंच, तुझ्या नावाचा अर्थ काय? कासिंदानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली – भित्री ती भित्री! पण स्वतःच्या नावाचा अर्थ तिनं का लपवावा? तिनं सांगितला. तिच्या भावांपुरताच. आमच्याबद्दल अवाक्षर नाही. वल्लरी ऐकत होती. यतीन मात्र निरांजनाची थाळी उचलून आत निघून गेला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कालचंच. कासिंदाला मनुरेवाला, तिच्या घरी, सोडून परत येताना गाडीत भांडण झालं. वल्लरी मागे, कानात इअरफोन. मराठी तिला सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत देते एवढंच. म्हणून तिच्यासमोर नको ते बोलायचं असलं की आम्ही आपली शाळेतली च-ची भाषा काढतो. काय अवस्था! एवढं मोठं दुःख आणि आम्ही ते पोरखेळाच्या भाषेत बोलतोय.

मी म्हटलं, मला तिला सांगायचंय. तो म्हणाला, तुझं मन हलकं करायला तिच्या डोक्यावर ठेवणार का? हे लागलं मला. कारण थोडं खरं आहे. मग मी म्हटलं, आणि तुझं? तू कुठे ठेवलंयस?

सिग्नलला गाडी थांबली. मग अक्षरं उलटीपालटी करत, अडखळत, त्यानं सांगितलं. नदीकाठी त्यानं कापड बाजूला करून दोघांचे चेहरे बघितले होते. धाकट्याच्या हनुवटीला खळी होती. त्याच्यासारखीच.

बारा वर्षं हे एकट्यानं सांभाळलं यानं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सांगायचं की नाही, ते ठरलंच नाही. घर आलं.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी वल्लरीची वेणी घालत होते. आरशातून माझ्याकडे बघत, सावकाश, एकही अक्षर न चुकता ती म्हणाली –

"चईआ, चमी चणप चसिंदाका."

आई, मी पण कासिंदा.

'हो,' म्हटलं. सरळ मराठीत.