शांत झालीस

लेकीच्या बाबास,

प्रिय लिहायला हात धजला नाही.

रविवारी तू सात वर्षांनी दारात उभा राहिलास आणि मी ओरडले नाही. हात थरथरले नाहीत, छाती धडधडली नाही. तू म्हणालास, "किती शांत झालीस गं! म्हणजे माफ केलंस ना?" मी गप्प राहिले आणि तू तो होकार धरलास.

ती शांतता माझी नव्हती. हृदयाचे ठोके आवरायला डॉक्टरांनी गोळी दिली आहे. तिच्यामुळे बोटं गार पडतात, भलतीसलती स्वप्नं पडतात. स्वप्नात मी तुला हाकलते. पण सगळा दोष गोळीवर ढकलणंही खरं नाही; ती काही तोंड बांधत नाही. पूर्वी राग आधी छातीत यायचा, मग तोंडात. आता मी छातीचीच वाट पाहत राहते.

डॉक्टरांना विचारलं, "चार दिवस बंद ठेवू का?"

"मनानं मुळीच सोडायची नाही. एकदम सोडली तर हृदय उसळी घेईल. कमी करायचीच तर मी सांगेन तशी, हळूहळू."

लेक म्हणाली, "आई, बाबासाठी हार्ट अटॅक? तेवढी त्याची लायकी नाही."

तू इथे परत राहायला म्हणून उरलेलं सामान आणायला गेला आहेस. 'परत येऊ नकोस' एवढंच तुला सांगायचं होतं. खाली गाडी थांबली. हा कागद आता फाडते; छातीची वाट न पाहता तेवढं तोंडानंच सांगेन. झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून टेबल धरून सावकाश उठेन आणि दार उघडेन.

तुझी कोण, ते लिहीत नाही.