सेटमधला सहावा कप

पारनेर, ३ ऑगस्ट १९७२
अमेरिकेतलं एक फाउंडेशन नागरी हक्क आणि वर्णभेद यांवर फेलोशिप देतंय. वर्षभर शिकागो! अर्ज टाकला. विषय: 'समता: माझे प्रयोग'. शाळेतल्या सहादेव मास्तरांनाही अर्ज करायला लावलं. बौद्धवाड्यातले आहेत, तेवढंच त्यांना उत्तेजन. शिवाय हरायला कोणीतरी हवंच.

१९ ऑगस्ट
आजपासून इंग्रजीतच बोलायचं. जेवताना बायकोकडे, गोजरकडे, इंग्रजीत मीठ मागितलं. आळणी जेवलो.

११ सप्टेंबर
पत्र आलं! फाउंडेशनचे ब्रूक्ससाहेब रविवारी माझ्या घरी. स्वतः काळे, हक्कांसाठी तुरुंगात गेलेले. सहादेव मास्तरांची मुलाखतही इथेच घेणार. घ्या म्हणावं, माझं मन मोठं आहे.
गोजरने विचारलं, ओसरीच्या कोनाड्यातला कप आत घेऊ का? सेटमधला सहावा कप मास्तरांसाठी तिथे असतो. चहा पितात, स्वतःच विसळून ठेवतात. म्हटलं, राहू दे. ती आईच्या वेळची सोय आहे, भेदभाव नव्हे.

१७ सप्टेंबर, रात्री
समतेवर भरपूर बोललो. साहेब डोळे मिटून ऐकत होते. भारावले असावेत.
चहा झाला. साहेबांची नजर कोनाड्याकडे गेली. विचारलं, त्याच सेटमधला हा एकटा बाहेर का? मी प्रसंगावधान राखून सांगितलं, तो मानाच्या पाहुण्यासाठी. साहेब उठले, कप आणला, चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, आज मान यजमानांचा.
म्हटलं, मला पित्त आहे, चहा चालत नाही. समोर माझेच दोन कप रिकामे.
सहादेव मास्तर हळूच म्हणाले, सर, इतकी वर्षं हा मान मीच घेतोय. आज तुम्ही घ्या.
हात पुढे होईना. क्षणभर फार लाज वाटली. पित्तच असावं.
बाकी मुलाखत उत्तम झाली.

२८ सप्टेंबर
शिकागोसाठी कोट शिवायला टाकला.

४ नोव्हेंबर
फेलोशिप सहादेव मास्तरांना! शुद्ध राजकारण.
पेढे घेऊन आले. गोजरने त्यांना आत, माझ्या खुर्चीवर बसवलं. ते गेल्यावर पाहतो तर कोनाडा रिकामा, फळीवर सहा कप. त्यातला 'तो' कुठला म्हणून ओरडलो. म्हणाली, मला न्हाई वळखू येत. तुमी शिकलेले, तुमी वळखा.
एकेक कप उजेडात धरून पाहिला. सगळे सारखेच.
चहा सोडला, प्रकृतीसाठी. दूध मागितलं, तर तेही ती कपातच देते.