औषधानं धरलं

काटवा, शनिवार

प्रिय दादा,

तू पाठवलेली बाटली पोचली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, 'गाठ थोडी वाढली तर घाबरू नकोस टुनी, चौथ्या दिवशी कळव.' बाटली येऊन आज अकरावा दिवस. तुला पहिल्यांदा कळवलं तेव्हा हरभऱ्याएवढी होती, आता चिंचोक्याएवढी आहे. दुखत नाही, आणि दुखत नाही याचीच भीती वाटते. फळ्यावर गणित मांडता मांडता हात आपोआप कानाखाली जातो. मुलींना दिसू नये म्हणून भर उन्हातही पदर गळ्याभोवती घेऊन शिकवते.

भीती वाटते हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक 'नवऱ्यामागे आता बायको' म्हणत अनादींचं नाव काढतात. त्यांना जाऊन आठ महिने झाले. ज्या फेरीघाटावर ते उतारूंना हाका द्यायचे, तिथे होडी सुटताना अजून कुणीतरी हाक देतं, आणि हा आवाज त्यांचा नाही हे कळायला मला एक क्षण लागतो.

त्यांचा आवाज रथयात्रेच्या सुमारास बसला. तू येऊन तासभर प्रश्न विचारलेस. तहान कशी लागते, पाय उघडे टाकून झोपता का, स्वप्नात पाणी दिसतं का. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले होते, "दादा, बायकोनं सतरा वर्षांत एवढं विचारलं नाही!" तू कांदा, लसूण, पान बंद केलंस. पानासाठी ते दोन दिवस रुसले. महिन्याभरानं म्हणाले, "तुमच्या साखरेच्या गोळ्यांनी माझं काही होवो न होवो, बाटलीतल्या मुंग्या मात्र आता गाऊ लागल्यात." तूही हसलास. हे सगळं लिहिते कारण तू हयगय केलीस असं मला कधी वाटलं नाही. तू बाबांच्या दुखण्यातसुद्धा एवढा बसला नव्हतास.

मग गिळताना दुखू लागलं. मी स्वयंपाकघरात रडत होते, तर शेजारच्या खेंती मासी ओरडल्या, "अगं वेडे, दुखणं वाढलं म्हणजे औषधानं धरलं! रडतेस काय, संदेश वाट!" तूही तेच म्हणालास, आत दडलेला रोग आता बाहेर पडतोय. आणि मी खरंच मिठाईवाल्याकडून संदेश आणले. अनादींना अर्धासुद्धा गिळता आला नाही. त्यांनी तो हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसले. तेव्हापासून त्यांचं दुखणं वाढलं की आम्ही एकमेकांना धीर द्यायचो. कमी झालं तरी औषधाचा गुण, वाढलं तरी औषधाचा गुण. मी गणिताची मास्तरीण. अशी बेरीज एखाद्या मुलीनं केली असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

माझ्या हातावरच्या चामखिळी तुझ्याच गोळ्यांनी गेल्या होत्या. आपल्या आत्याचा, पिशीमाचा, दमाही. की हे सगळं आपोआपच गेलं असतं? हल्ली मी हेच मोजत बसते. बरे झालेले लोक मिठाई घेऊन तुझ्या ओसरीवर यायचे. जे बरे झाले नाहीत, ते कुठे गेले हे आपण कधी विचारलं नाही.

दादा, आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझी बाटली मी उघडली नाही. चौथ्या दिवशी तुला पत्र न लिहिता मी कोलकात्याच्या इस्पितळात गेले. त्यांनी सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासलं. गाठ वाईट आहे, पण पसरलेली नाही. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "लवकर आलात दिदी, बरं केलंत." मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर बाकावर बसून महिने मोजत राहिले. कारण रथयात्रेपासून दुर्गापूजेपर्यंत अनादींचा फक्त आवाजच बसलेला होता. कोलकात्याला जाऊन दाखवू या, असं ते दोनदा म्हणाले होते. तुला हे माहीत नाही. दोन्ही वेळा मीच म्हटलं, "नको, दादाला वाईट वाटेल." पुढच्या शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. सुरीची भीती आहेच, पण तू समोर आल्यावर मी काय बोलेन, किंवा तू माझ्याकडे कसा पाहशील, याची जास्त आहे. तरी ये. कागदावर सही करायला जवळचं माणूस लागतं. मी तुझं नाव दिलं आहे.

तुझीच,
टुनी