निकोलस ट्रगिअरची तलवार

मी, अँब्रोज पेन्हॅलो, राणीसरकारच्या आरमारातला निवृत्त कमांडर, वय एकाहत्तर, राहणार फालमथ, कॉर्नवॉल, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले, दात गेले. बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणाऱ्याला परवाच दाराबाहेर काढले.

तो माझा भाचा एडमंड. ॲडमिरल सर रॉडरिक थर्लबी यांची मुलगी त्याने केली आणि सासऱ्याची भाषा बोलू लागला. "मामा, तुमचे कागद द्या माझ्याकडे, जरा नीट लावतो. गाडलेली मढी कशाला उकरायची?"

"गाडायला मढी मिळाली होती का रे? माशांनी खाल्ली सगळी!"

त्याला माझी दुर्बीण द्यावी. एक डोळा मिटून बघायची त्याला सवय आहेच.

घर केझाया बोलिथो हिला, ती जगेल तोवर. माझी खेकसणी ऐकत इतकी वर्षे तिनेच मला जेवू घातले. एडमंड कागदांच्या पेटीशी घुटमळला तेव्हा ती लाटणे घेऊन उभी राहिली. "लावा बघू हात, साहेब! लावाच!"

माझे सर्व खासगी कागद माझा आरमारातला सोबती निकोलस ट्रगिअर याची मुलगी लव्हडे हिला द्यावेत. त्यांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मी होडीतून केलेल्या समुद्राच्या खोलीच्या मोजणीचा मूळ कागद आहे. त्यावर एक खडक दाखवला आहे. खोली मोजायला दोरीने तळाशी सोडतात त्या शिशाच्या गोळ्याला लावलेल्या चरबीवर वाळू आली नव्हती, पोवळ्याचे ओरखडे आले होते. थर्लबी तेव्हा आमचे कप्तान. म्हणाले, "खडक कसला, देवमासा असेल! नकाशावर माझी सही झालीय, पेन्हॅलो. एका ठिपक्यासाठी खाडाखोड करू होय?"

खडक गाळला. शेजारच्या उपसागराला बायकोचे नाव द्यायला मात्र जागा सापडली.

तो शिशाचा गोळा ॲडमिरलसाहेबांना द्यावा. अजून शंका असेल तर गळ्यात बांधून स्वतः खाली बघून यावे.

तीन वर्षांनी निकोलसचे जहाज त्याच नकाशाच्या भरवशावर त्याच खडकावर फुटले. मी तेव्हा चीनच्या किनाऱ्यावर. इकडे जहाज बुडवल्याबद्दल कप्तान म्हणून निकोलसवर खटला उरकलासुद्धा. आमच्या आरमारात आरोपी अधिकाऱ्याची तलवार न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवतात आणि निकाल ठरला की त्याला आत बोलावतात. मूठ त्याच्याकडे असली तर सुटला, टोक असले तर संपला. निकोलसने टोक पाहिले आणि तलवार तिथेच टाकून निघून गेला. मी परतल्यावर मूळ कागद आरमाराच्या कचेरीत पाठवला. प्रकरण बंद झाले आहे, एवढे लिहून त्यांनी तो परत केला. तोवर निकोलस खंगून वारला होता. माझा जिवाभावाचा मित्र. हा राग माझ्याबरोबरच थडग्यात जाईल.

लव्हडे गावात शिवणकाम शिकवते. बाजारात बायका अजून कुजबुजतात, "जहाजबुडव्याची पोर!" म्हणून माझ्या शिल्लकीतून तो कागद छापावा. एक प्रत बाजारात, एक चर्चच्या दारावर, एक ॲडमिरलांच्या क्लबात लावावी. उरेल ते लव्हडेचे.

व्यवस्था जेथ्रो नान्कॅरोने पाहावी. त्या होडीतून शिसे त्यानेच सोडले होते. निकोलसची तलवार मी नंतर कचेरीतून मागून घेतली, ती माझ्या खोलीत आहे. जेथ्रोने ती जेवणाच्या टेबलावर ठेवावी, मूठ दाराकडे करून. मगच लव्हडेला आत बोलवावे.

सही: अँब्रोज पेन्हॅलो

आमच्या समक्ष सही केली:
१. डॉ. सायलस हेंडी. मी शुद्धीवर असल्याची साक्ष यांची; माझ्या यकृताबद्दलचे मत धरू नये.
२. टोबायस अँगोव्ह, समोरचा दोरखंडवाला.

फालमथ, ९ नोव्हेंबर १८६८