शिलाईतलं कापड

गुरुवार, संध्याकाळ. मालवण.

"शिलायेत कापड ठेव गो, अंग काय नेहमी तसाच रवता?" माझ्या लग्नातले ब्लाऊज शिवताना आई म्हणाली होती. मी ऐकलं कुठे? दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर चालून चालून अकरा किलो उतरवले, सगळे ब्लाऊज टिपा मारून लहान करून घेतले आणि आतलं जास्तीचं कापडही कापायला लावलं. मागे फिरायची वाटच नको म्हणून. शिवणारी शालन म्हणाली, "रवांदे गो वयनी, ता काय तुझ्याकडे जेवाण मागता?" मी हसून कात्री तिच्या हातात दिली.

मग आईचं आजारपण. तिच्या ताटलीत उरलेली पेज फेकवेना. मीच खात गेले. ती गेली, तरी खातच राहिले. आता कुणाचं उरलेलं?

आज तिच्या वर्षश्राद्धासाठी ब्लाऊज घालून बघितला. बाही दंडात अडकली. उसवून सैल करायला आत कापडच नाही.

शालन नवा शिवून देईल, काही बोलणारही नाही. मला बोलणारी मीच. उद्यापासून पुन्हा चालायला जायचं ठरवलंय. माझं मन माझंच ऐकणार नाही, माहीत आहे. तरी त्याच्याकडे एवढंच मागते: उद्या वाटेत मला घालूनपाडून बोलू नकोस.