जागेवर हजर

३ मार्च
आले बाई एकदाची! तामलवाडीहून बदली मागून मागून जीव गेला होता, शेवटी तेरजवळचं हे गाव मिळालं. तलाठी कार्यालय म्हणजे एक खोली, पण पंखा फिरतो, दारात सावली आहे. कोतवाल धुळाप्पांनी आल्या आल्या चहा आणला. धाराशिवहून स्कूटीवर यायचं, संध्याकाळी घरी. सृष्टी म्हणाली, आई, आता तरी रोज एका ताटात जेवू. कॉलेजला गेली पोरगी, पण अजून आई लागतेच. मला तरी दुसरं कोण आहे?

७ मार्च
तीन गावांचा भार एकटीवर, कंबर गेली. आज सारजाबाईंच्या शेताची वारसनोंद. म्हातारी दिवाळीत वारली, पुतण्याला नाव लावायचंय. कुणाची हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस चावडीवर लावली. शेतातही डकवायची होती. धुळाप्पा म्हणाले, मॅडम, आमच्यात मेलेल्याचं नाव कमी करायच्या आधी बांधावर जाऊन त्यालाच हाक मारत्यात, नोटीस वाचून दाखवत्यात, त्याला बी कळाय पाहिजे. मला हसूच आलं. एवढ्या उन्हात मेलेल्यांना कोण सांगत बसणार? पंख्याखाली बसूनच पंचनामा लिहिला: आम्ही समक्ष जागेवर हजर राहून नोटीस शेतातल्या बाभळीला डकवली व वाचून दाखवली. खाली माझी सही. धुळाप्पांनी आणि उतारा न्यायला आलेल्या वीरप्पांनी पंच म्हणून सह्या ठोकल्या. सगळेच असं करतात.

१२ मार्च
दुपारी एक म्हातारी पायरीवर येऊन बसली. पायांना काळी माती. माझ्या शेताचा उतारा द्या म्हणाली. नाव विचारलं तर सारजाबाई! मी खेकसलेच, नोंद बिघडवायला कुणी पाठवलं म्हणून. तर म्हणते, पुतण्या म्हनतो म्या मेले, मला तर कुणी सांगितलंच न्हाय. वळून पाहिलं तर धुळाप्पा पांढरेफटक. तिच्या सरणावर त्यांनीच लाकडं रचली होती.

१७ मार्च
रोज येते. भांडत नाही, नुसतं तेच म्हणते, मला कुणी सांगितलंच न्हाय. मी फायलीत डोकं घालून बसते. थकले. भीती वाटते म्हणायलाही अंगात त्राण नाही.

१९ मार्च
वीरप्पा बाजारातून घरी गेलेच नाहीत. सारजाबाईंच्या शेतात, बाभळीखाली उभे आहेत. पोरं हाताला धरून आणतात, ते वेशीपर्यंत येतात, आणि हात रिकामा — पुन्हा बाभळीखाली.

२० मार्च
आज धुळाप्पाही बाभळीखाली. कार्यालय उघडायला निघाले होते. फोनवर रडत होते बिचारे. आता तिसरी सही माझी —

२१ मार्च
स्वतःच गेले. बांधावर उभं राहून हाक मारली, नोटीस वाचली. सारजाबाईंनी सगळं ऐकलं, डोळ्यांना पदर लावला, आता कळलं गं माय म्हणाल्या. आणि गेल्या. वाटलं, सुटलो! स्कूटी काढली, वेस ओलांडली — समोर बाभूळ.

पुन्हा निघाले. पुन्हा बाभूळ.

आम्ही हजर झालो, हे कागदावर आहे. परत गेलो, हे कुणी लिहिलंच नाही —

धुळाप्पांना सुचलं, परत गेल्याचा पंचनामा करू. पण पंच बाहेरचा पाहिजे. गावातलं कुणी इकडं फिरकत नाही. सृष्टीला फोन केला. निघाली म्हणाली, जेवू नको, डबा आणते. मी कोऱ्या कागदावर लिहून ठेवलं, आम्ही तिघेही जागेवरून आपापल्या घरी परत गेलो.

आली. केवढी घामाघूम झालीय पोरगी. डबा माझ्या मांडीवर ठेवला, कागद गुडघ्यावर घेतला, म्हणते, करते सही, मग चल घरी. पेन काढलाय.

सहीच्या वर सवयीनं मीच लिहिलंय — पंच समक्ष जागेवर हजर —

अगं नको, सृष्टे, सही —