शाळेपुरती भेग

बाई, तुम्ही आजारपणात गेलात तेव्हा मी सातवीत होते, आणि महाडला तुमच्या घरी येऊन कुणाला भेटायचं धाडस मला झालं नव्हतं. आता मी पंचवीस वर्षांची आहे. तुम्ही ज्या खुर्चीवर बसायचात त्याच खुर्चीवर गेली दोन वर्षं मी बसत होते. होते म्हणते, कारण जूनपासून आपल्या वाडीवरच्या शाळेला कुलूप आहे. ते माझ्या एका पत्रामुळे लागलं असं वाडीत सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण मला तुम्हाला सांगायचंय ते कुलपाबद्दल नाही. त्या पत्रात मी जे लिहिलं नाही, त्याबद्दल सांगायचंय.

आपल्याकडे शनिवारी बातम्या असायच्या. सकाळची शाळा, कवायत झाली की आम्ही व्हरांड्यात गोल करून बसायचो आणि प्रत्येकाने आठवड्याची एक बातमी सांगायची. तुमचा नियम एकच होता, स्वतः पाहिलेलं सांगायचं. मी तिसरीत असताना मोठ्या ऐटीत उभी राहिले आणि म्हणाले, "वरच्या रानात बिबट्या आला." तुम्ही विचारलंत, "तू पाहिलास?" मी म्हणाले, "नाय बाई, काकीनं सांगितलं." "मग ती काकीची बातमी. तिला पाठव शाळेत, ती सांगेल. तुझी सांग." "माझी काय नाय." "आठवडाभर डोळे काय पेटीत ठेवले होतेस?" सगळी पोरं हसली आणि मी रडले. त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं म्हणून तुम्ही महाडला गेला नव्हतात. शाळा सुटल्यावर तुम्ही मला तुमच्या भाड्याच्या खोलीवर नेता. स्टोव्हचा वास, दोरीवर न वाळलेलं पातळ, खिडकीत औषधाच्या बाटल्या. तुम्ही तव्यावर भाकरी टाकता आणि पाठमोऱ्याच विचारता, "शाळेत येताना काय दिसलं?" मी हुंदके देत सांगते, बांधावर खेकड्याची बिळं दिसली. "किती?" "पाच. एकातनं पाणी येत होतं." तुम्ही वळून माझ्याकडे बघता. बोलण्याच्या नादात भाकरी एका बाजूने करपते आणि करपलेली बाजू तुम्ही स्वतःच्या ताटात घेता. निघताना तुम्ही मला एक कोरी वही दिलीत आणि म्हणालात, हिच्यात ऐकलेलं लिहिलंस तर वही परत घेईन. मला बी.ए. होऊन आता चार वर्षं झाली, घरात पदवी घेतलेली मी पहिली. पण शिकणं म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नाही, त्या खोलीत कळलं. असं माझं मत होतं. आता तेवढं खात्रीने म्हणवत नाही.

कंत्राटी म्हणून का होईना, मला आपलीच शाळा मिळाली तेव्हा आईने वाडीभर गूळ वाटला. पटावर नऊ मुलं. मुख्याध्यापक सर महाडहून मोटारसायकलवर यायचे, ते दोन वर्ग घेत आणि मी दोन. पहिल्याच आठवड्यात मी शनिवारच्या बातम्या पुन्हा सुरू केल्या. मुलं बातमी सांगत, मी ती शुद्ध करून फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत उतरवून घेत. फळ्याचा फोटो मी शाळेच्या ग्रुपवर टाकायचे. मुंबईला असलेले आईबाप तिकडून अंगठ्याची चिन्हं पाठवत. एकदा एका वडिलांनी लिहिलं होतं, मॅडम, गाव डोळ्यासमोर उभं राहतं. ते वाचून मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू. तुमचं काम पुढे नेतेय असं वाटायचं. तुमच्यासारखाच पदर खोचून फळ्यापुढे उभी राहायचे.

शाळेच्या मागे, डोंगराला अगदी लागून जे घर आहे तिथली एक मुलगी तिसरीत होती. आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागे. जानेवारीत एका शनिवारी ती म्हणाली, "आमच्या दाराची कडी लागत नाय." मी फळ्यावर लिहिलं, आमच्या दाराची कडी लागत नाही. पुढच्या शनिवारी म्हणाली, "आज्यानं कडी काढून वर ठोकली." त्याच्या पुढच्या शनिवारी, "परत लागत नाय." पोरं ओरडली, "आली हिची कडी! बाई, हिला दुसरी बातमी नाय!" मीही हसले. तिच्या वहीत मी लाल शाईने शेरा दिला, वाक्य छान, आता वेगळा विषय घे. तिने आज्ञाधारकपणे वेगळा विषय घेतला. फेब्रुवारीत तिने सांगितलं की झऱ्याचं पाणी गढूळ येतं. पाऊस जाऊन चार महिने झाले होते, बाई. मी 'गढूळ'चा ढ तिच्याकडून पाच वेळा गिरवून घेतला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी शाळेत गेले तर मागच्या पटांगणात माणसं टोपल्यांनी शेतातली माती आणून टाकत होती आणि धुमसाने ठोकत होती. तुम्हाला माहीत आहे, देवीची पालखी नाचवायला वाडीत तेवढीच एक सपाट जागा. त्या मुलीचा आजा घामाघूम होऊन काम करत होता. मी विचारलं, "आजा, हे काय चाललंय?" तो म्हणाला, "भेग हाय गो. पालखी नाचवताना कुणाचा पाय गेला म्हंजे?" "कधीपासून आहे?" "गेल्या पावसापासनं. तुमच्या शाळेपासनं आमच्या परड्यापर्यंत जाते, पुढं वरच्या आळीच्या मागनं वळते. जमीन हाय ती, उन्हानं तडकायचीच." दुसरा एक जण हसत म्हणाला, "बाईंना सांग रे, जमिनीला बी शिकवा म्हणावं, सरळ रेघ मारायला." भेग सरळ नव्हती, कोयत्यासारखी वाकडी होती आणि अख्खी वाडी तिच्या आतल्या बाजूला होती. त्यांनी ती इतकी छान बुजवली, वरून शेणाने सारवली, की दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या कुणालाच ती दिसली नाही. ढोल वाजत होते, शंभरेक माणसं पालखीबरोबर त्याच जागेवर उड्या मारत होती. मी कडेला उभी राहून त्यांचे पाय बघत होते. त्या वेळी मला दाराची कडी आठवली.

महिन्याभरात माती खाली बसली आणि भेग पुन्हा उघडी पडली. वर्गातली लाकडी मीटरपट्टी मी तिच्यात सोडली, ती पूर्ण आत गेली आणि तळ लागला नाही. मी सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून आत बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, मी तोंडी सांगून ठेवतो. लेखी देऊ नका. नऊचा पट आहे, वरच्यांना कारणच हवंय. एकदा कागद गेला की शाळा खालच्या गावात समायोजित. मग परत उघडत नाही." सर वाईट नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. आजूबाजूच्या किती वाड्यांवरच्या शाळा अशा गेल्या ते मी पाहिलंय, आणि शाळा गेली की मागून माणसंही जातात. पण डोंगर खाली आला की काय होतं, तेही या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही.

मे महिन्यात मी पंचायत समितीला पत्र लिहायला बसले. स्वयंपाकघरात, आई चुलीपुढे बसलेली असताना. पहिल्या मसुद्यात सगळं होतं, शाळा, आज्याचं घर, वरची आळी, झरा, कडी, कुणी काय आणि कधी पाहिलं ते. तुम्ही वाचलं असतं तर खूश झाला असतात. मी ते आईला वाचून दाखवलं. ती फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "शाळेचं लिही. घरांचं नको लिहू."

"का?"

"उठवतील सगल्यांना. पत्र्याच्या शेडीत नेऊन टाकतील. तिकडं गुरं कुठं बांधू? भात कोन लावील? तुझ्या एका कागदानं वाडी उठली तर मला पाणवठ्यावर उभं करतील काय गो बायका?"

"आणि डोंगर आला तर?"

"माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय तो तिथं," आई म्हणाली आणि पुन्हा फुंकायला लागली.

मी ते पान फाडलं. दुसऱ्या कागदावर नीट अक्षरात लिहिलं, विषय: शाळेच्या इमारतीमागील जमिनीस पडलेल्या भेगेबाबत. मनात म्हटलं, साहेब आले की बघतीलच, त्यांना डोळे आहेत. आधी येऊ तर देत.

ते आले, आणि लवकर आले. एक तरुण अभियंता होता, चांगला, मन लावून काम करणारा. त्याने इमारतीची चारी बाजूंनी मापं घेतली, भिंतीवरच्या चिरा मोजल्या, फोटो काढले. भेग त्या मुलीच्या परड्यात शिरते तिथपर्यंत तो चालत गेला आणि कुंपणापाशी थांबला. मी म्हणाले, "साहेब, ही पुढे घरांकडे जाते." तो म्हणाला, "दिसतंय मॅडम. पण तुमच्या पत्रात शाळा आहे. मी शाळेचा अहवाल देणार. घरांचं वेगळं, त्याला ग्रामस्थांच्या सह्यांचा अर्ज करा, मग ते लोक येऊन बघतात." त्याच दिवशी मी अर्ज लिहून सह्यांसाठी दारोदार फिरले. मुलीच्या आज्याने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "सही केली तर राहायला कुठं देनार, ते लिवलंय काय ह्याच्यात?" ते लिहिलेलं नव्हतं. एकही सही मिळाली नाही. मी आईपुढे तर कागद धरलासुद्धा नाही.

जूनमध्ये इमारत धोकादायक ठरली, कुलूप लागलं. नऊ मुलं आणि मी खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत आलो. पाणवठ्यावर काकी सगळ्यांदेखत म्हणाली, "शाला खाल्लीस गो आमची. बी.ए. झालीस ती यासाठीच काय?" मग तलाठ्यांनी घराघरांवर नोटिसा लावल्या, अतिवृष्टी झाल्यास सुरक्षित ठिकाणी जावे. आजवर जोराचा पाऊस लागला की वाडीतली म्हातारी माणसं आणि लेकरं शाळेतच येऊन बसायची, तुमच्या वेळी तुम्हीच त्यांना चहा करून द्यायचात. आता तिला कुलूप आहे आणि खाली यायच्या वाटेवर ओढा आहे.

म्हणजे मी केलं ते एवढंच, बाई. सकाळी जीप वर जाते, मुलांना खाली आणते. दिवसभर ती सुरक्षित इमारतीत पाढे म्हणतात. दुपार कलली की तीच जीप त्यांना पुन्हा वर नेऊन सोडते. रोज सकाळी मी फाटकाशी उभी राहून उतरणारी डोकी मोजते. नऊ झाली की मगच श्वास सोडते. इथे शनिवारच्या बातम्या नाहीत, इथले शिक्षक म्हणतात वेळ नसतो, आणि मीही आग्रह धरला नाही. पण ती मुलगी परवा माझ्या पदराला धरून व्हरांड्यात थांबली आणि म्हणाली, "बाई, आमच्या चुलीच्या मागं पाणी येतंय." मी विचारलं, "कौलं गळतात का?" ती म्हणाली, "वरनं नाय. खालनं." मी तिला वहीत लिही म्हटलं नाही. तलाठ्यांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघतो, आणि त्या घरच्यांना अर्ज द्यायला सांगा.

गेले तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. आंबेनळीचा घाट बंद आहे असं एसटीचा कंडक्टर सांगत होता. इथून आपला डोंगर एरवी दिसतो, आज ढगात पायथ्यापर्यंत बुडालाय. बिनसह्यांचा अर्ज पिशवीत आहे. उद्या रविवार, भातलावणीला सगळी वाडी शेतावर एकत्र असेल. पुन्हा फिरायला हवं. या वेळी पहिली सही माझ्या आईची हवी, नाहीतर दुसऱ्याच्या दारात जायचा मला काही हक्क नाही. हे मला आज कळलेलं नाही. जूनपासून माहीत आहे.

तुम्हाला वाटत असेल मी आईजवळ राहते. मी खालच्या गावात खोली घेतली आहे. सगळ्यांना सांगितलं, रोजचा चढ-उतार जमत नाही. आईनेही मान डोलावली. ती वर एकटी झोपते आणि मी इथे. मघाशी शाळा सुटली, मुलं जीपमध्ये चढली. ड्रायव्हरने पुढचं दार उघडं धरलं आणि म्हणाला, "बाई, चला की, जागा हाय. आईनं निरोप दिलाय, लावणीला या म्हणून." मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मला काम आहे.

काम काही नव्हतं. जीप वळणाआड गेल्यावर मी वर्गात येऊन हे लिहायला घेतलं.